कुळागर आणि काजूचा उतार: छोट्या जमिनीवर सुधारित वनशेती कशी टिकते

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चार हजार चौरस मीटर जमीन आहे. ओहोळाकडच्या हजार चौरस मीटरांत कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची जुनी सुपारी, मधूनमधून माड आणि केळी. वरच्या तीन हजार चौरस मीटरांत जांभ्याचा उतार आणि त्यावर बियांपासून वाढलेले जुने काजू. गटात बारा घरं. प्रशिक्षणं झाली, कलमं वाटली गेली, पण तिसऱ्या वर्षी दोनच घरांच्या जमिनीत काही उरलं. सुधारित वनशेती इथं रुजत का नाही, सुरुवात कुठून करायची, आणि कुळागराच्या मधोमध उभा असलेला जुना फणस पाडायचा का?

कुळागर हीच मुळात वनशेती आहे. वर माड, त्याखाली सुपारी, खोडावर मिरवेल, मध्ये जायफळ आणि केळ, तळाशी अननस, अळू, हळद. सावई-वेऱ्यापासून नेत्रावळीपर्यंत ही मजल्यांची शेती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. २०१४ साली राष्ट्रीय वनशेती धोरण आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे तुमच्या गटाला झाडांबरोबर पीक घ्यायला शिकवायची गरजच नाही. कमी पडतं ते अंतर, उजेड, खात्रीची कलमं आणि निचरा. आणि कलमं मरतात ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. जूनमध्ये कलमांची गाडी येते तेव्हा खड्डे मारलेले नसतात, सावली कमी केलेली नसते, ऑक्टोबरनंतर पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसतं. नवं झाड चार-पाच वर्षं काही देत नाही, आणि हातावर पोट असलेल्या घराला एकही वर्ष कोरडं काढता येत नाही. मग माणूस मजुरीला जातो आणि कलम गवताखाली जातं. यात त्याचा आळस कुठे आहे?

म्हणून पहिला नियम: सगळी जमीन एकदम बदलायची नाही. पहिल्या वर्षी कुळागरातले पाचशे आणि उतारावरचे पाचशे चौरस मीटर घ्या. बाकीच्या जमिनीत जे उत्पन्न येतं ते तसंच येऊ द्या.

कुळागरात हात घालण्याआधी उजेड पाहा. एप्रिलमध्ये भर दुपारी बाराच्या सुमारास आत उभं राहून जमिनीकडे बघा. साधारण एक तृतीयांश जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले, तर मिरी आणि जायफळाला जागा आहे. पंजाएवढे तुरळक कवडसे असतील, तर काहीही लावलं तरी ते नुसतं उंच होईल, धरणार नाही. सुपारीचं शिफारशीचं अंतर २.७ मीटर बाय २.७ मीटर. या हिशेबानं हजार चौरस मीटरांत १३७ पोफळी बसतात. जुन्या कुळागरात पडलेल्या सुपाऱ्यांतून आपोआप उगवलेली रोपं कुणी काढत नाही, म्हणून आकडा सहज दोनशेच्या वर गेलेला असतो. आधी मोजा. मग शेंडा बारीक झालेल्या, पानं पिवळी पडलेल्या आणि चढायला धोक्याच्या झालेल्या पोफळींना चुन्याचे पट्टे मारा. सुपारी उतरवून झाली की त्यातल्या निम्म्या या वर्षी काढा, निम्म्या पुढच्या वर्षी. एकदम विरळणी केली तर शेजारच्या पोफळींच्या नैर्ऋत्येकडच्या अंगाला दुपारचं ऊन थेट लागतं, खोड करपून भेगा पडतात आणि पुढे तिथंच ते मोडतं.

दुसरी तयारी निचऱ्याची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दर दोन ओळींमागे पाऊण मीटर खोल चर हवा आणि त्याचं तोंड ओहोळाकडे मोकळं हवं. पाटाचे जुने चर गाळानं भरलेले असतात. नवे खणण्यापेक्षा मे महिन्यात तेच उपसून काढणं स्वस्त पडतं. ज्या कुळागरात जुलैमध्ये पाणी साचतं तिथं मिरी लावणं म्हणजे पैसे चिखलात टाकणं आहे.

आता मिरवेल. छोट्या कुळागरात सर्वांत लवकर परतावा देणारी सुधारणा हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. वेलीला तीन प्रकारच्या फांद्या असतात: बुडाजवळून जमिनीवर धावणाऱ्या, वर चढलेल्या वेलीवरून खाली लोंबणाऱ्या आणि घोस धरणाऱ्या आडव्या. फाटे घ्यायचे ते जमिनीवर धावणाऱ्या फांद्यांचे. लोंबणाऱ्या फांदीचा फाटा जगतो, पण फळायला फार वेळ लावतो. आडव्या फांदीचं झुडूप होतं, ते चढत नाही. रोपं फुकट मिळाली तरी हे विचारूनच घ्या. जोमदार वेलीच्या धावत्या फांद्या डिसेंबरमध्येच काठीला गुंडाळून ठेवा, म्हणजे जमिनीला लागून मुळं फुटणार नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून पिशव्यांत लावा आणि सावलीत ठेवा. जूनपर्यंत रोप तयार होतं. बारा घरांसाठी मिळून एकाच मांडवाखाली तीनशे पिशव्या केल्या, तर विकत आणण्यापेक्षा खर्च खूप कमी येतो आणि वेल कुठली हेही माहीत असतं.

जात निवडताना एक चूक वारंवार होते. पन्नियूर-१ चे घोस लांब, दाणे टपोरे, म्हणून सगळे तीच मागतात. पण तिला उजेड लागतो. दाट कुळागरात ती पानांनी भरून जाते आणि घोस येतच नाहीत. सावलीत पन्नियूर-५ किंवा करिमुंडा बरी. पन्नियूर-१ कडेच्या ओळींना आणि उघड्यावरच्या पांगाऱ्याला लावा.

खड्डा पोफळीपासून ७५ सेंटिमीटरवर, उत्तरेच्या किंवा ईशान्येच्या अंगाला, म्हणजे वेलीला दुपारचं ऊन लागत नाही. लांबी, रुंदी, खोली ५० सेंटिमीटर. त्यात वरची माती, पाच किलो कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड, १५० ग्रॅम रॉक फॉस्फेट आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी). ट्रायकोडर्मा नुसतं खड्ड्यात टाकण्यापेक्षा आधी वाढवून घेतलेलं बरं: ९० किलो शेणखत आणि १० किलो निंबोळी पेंडीत एक किलो मिसळा, ओलसर ठेवा, गोणपाटानं झाका आणि पंधरा दिवस सावलीत राहू द्या. प्रत्येक खड्ड्यात दोन रोपं. वेल वाढेल तशी दर महिन्याला खोडाला सैल बांधायची. जमिनीवर पसरू दिलेली वेल पावसाळ्यात हमखास रोग घेते. आपली माती आम्लधर्मी, म्हणून एक वर्षाआड एप्रिल-मेमध्ये वेलीमागे अर्धा किलो चुना पसरा.

मर रोगानं वेल जाते ती बघता बघता. जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर काळे डाग पडतात, डागाची कड झालरीसारखी पसरलेली दिसते, बुडाशी खोड काळं पडतं आणि दोन आठवड्यांत पानं गळून वेल संपते. अशा वेळी औषध शोधत फिरण्यात अर्थ नसतो, जे करायचं ते पावसाआधीच करायचं. बुडाशी कुदळ लावू नका, तुटलेल्या मुळांतून रोग शिरतो. पाऊस सुरू होताना एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, कृती पुढे दिली आहे) फवारा आणि आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइडचं ०.२ टक्के द्रावण पाच ते दहा लिटर ओता. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की पुन्हा. ट्रायकोडर्मा आणि ताम्रयुक्त औषध यांत पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर एकानं दुसरं मरतं.

एक अडचण पुस्तकात लिहिलेली नसते. वेल चढलेल्या पोफळीवर चढायला माणूस तयार होत नाही, आणि चढणारी माणसं आधीच कमी. त्यामुळे प्रत्येक पोफळीला वेल लावू नका. एक ओळ वेलींची, एक मोकळी. वेल साडेचार-पाच मीटरांच्या वर जाऊ देऊ नका, शेंडा खाली वळवून बांधा. मग शिडीवर उभं राहून घरची माणसंच घोस काढतात. घोसातले एक-दोन दाणे तांबडे झाले की काढणी. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून चटईवर वाळवली की मिरी एकसारखी काळी होते आणि चांगला भाव मिळतो. ओल्या मिरीची वाळून साधारण तिसरा हिस्सा होते, विकताना तेवढा हिशेब धरा.

सुपारीची कोळे रोगासाठीची (पावसाळ्यात फळं कुजून गळतात त्या रोगासाठीची) फवारणी आणि मिरीची पहिली फवारणी एकाच दिवशी करता येते, मजुरी वाचते. बोर्डो मात्र नीट झालं पाहिजे. एक किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात रात्रभर विरघळू द्या, लोखंडी भांडं वापरू नका. दुसऱ्या पिंपात एक किलो ताजा कळीचा चुना विझवून ५० लिटर पाणी करा आणि गाळून घ्या. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळत राहा. मग घासून चकचकीत केलेली सुरी मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांब्याचा लालसर थर आला, तर चुना कमी पडला आहे. थोडं चुन्याचं पाणी घालून पुन्हा बघा. हे न तपासता फवारलं तर पानं आणि कोवळी फळं जळतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, तीही घोसांवर पोचली पाहिजे. गळलेली रोगट सुपारी तिथंच कुजू दिली तर सगळी मेहनत वाया.

जायफळाबद्दल थोडक्यात. बियांपासून वाढवलेल्या झाडांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-आठ वर्षं जातात. म्हणून कलमंच घ्या, दहा मादी झाडांमागे एक नर. अंतर आठ मीटर, म्हणजे सुपारीच्या दर तिसऱ्या ओळीत, चार पोफळींच्या मधोमध. पाचशे चौरस मीटरांत सात झाडं पुरतात. नोव्हेंबर ते मे पाणी चुकलं तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत कलम जातं. ज्यांचा पाट मार्चमध्येच आटतो त्यांनी जायफळाच्या मागे लागू नये, त्या जागी भिरंड (कोकम) बरी.

सुपारीला वर्षाला प्रत्येक झाडामागे १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश लागतं. म्हणजे सुमारे २२० ग्रॅम युरिया, २०० ग्रॅम रॉक फॉस्फेट, २३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, दोन हप्त्यांत, सोबत १२ किलो कंपोस्ट आणि १२ किलो हिरवा पाला. पाल्याचा हा आकडा वाचून लोक सोडून देतात, कारण १३७ पोफळींना दीड टनाहून जास्त पाला झाला. तो डोंगरावरून तोडून आणण्यापेक्षा कुंपणातून काढा. जमीन ८० बाय ५० मीटर धरली, तर कुंपण २६० मीटर. मनगटाएवढ्या जाडीच्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) दीड मीटरच्या फांद्या मे अखेरीस, खालचं टोक तिरकं कापून, अर्ध्या मीटरवर एक अशा पुरल्या, तर ५२० झाडं होतात. तिसऱ्या वर्षापासून वर्षात तीन छाटण्या मिळून झाडामागे चारच किलो ओला पाला धरला, तरी दोन टन होतो. कुंपणही झालं.

आता उतार. जुन्या काजूंवर सरसकट कुऱ्हाड चालवू नका. एक हंगाम कुठल्या झाडानं किती बिया दिल्या याची नोंद ठेवा. दोन किलोंच्या आत राहिलेली झाडं आधी निवडा, चांगली तशीच ठेवा. जुनं खोड कापून त्यावर कलम बांधायचा मार्ग सांगितला जातो, पण कापलेल्या खोडावर खोडकिडा तुटून पडतो आणि बरीच झाडं मरतात. छोट्या शेतकऱ्यानं ती जोखीम घेऊ नये. झाड पाडण्याआधी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते का हे विचारून घ्या. आज लावलेलं उद्या तोडता येईल का, ही भीती झाडं न लावण्याचं एक मोठं कारण आहे, म्हणून गटानं एकत्र जाऊन ही माहिती लेखी घ्यावी.

नवी कलमं ७ बाय ७ मीटरवर, म्हणजे पाचशे चौरस मीटरांत दहा. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ आणि जुन्या गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं निवडलेली, मुळात बाळ्ळी-२ म्हणून ओळखली जाणारी गोवा काजू-१, यांतल्या किमान दोन जाती मिसळा. खड्डा ६० सेंटिमीटरचा, कठीण जांभ्यात एक मीटरचा. सलग कातळ लागला तर जागा बदला. कलमाचा सांधा जमिनीच्या पाच सेंटिमीटर वर राहिला पाहिजे, प्लॅस्टिकची पट्टी आठवणीनं सोडवली पाहिजे आणि सांध्याखालचे फुटवे दर महिन्याला खुडले पाहिजेत. हे फुटवे राहिले की कलम मरतं आणि गावठी काजू वाढत राहतो. तीन वर्षांनी ‘कलम फळलंच नाही’ म्हणतात, त्यातलं बरंचसं हेच असतं. डिसेंबर ते मे दर महिन्याला बुंधा पाहा. डिंक आणि लाकडाचा भुसा दिसला तर साल अलगद सोलून सुरीनं किंवा वाकवलेल्या तारेनं अळी काढा आणि मीटरभर उंचीपर्यंत पाच टक्के निंबोळी तेलाचं द्रावण फासा.

माती अडवण्यासाठी उताराला आडवे, समपातळीचे चर काढा. बांबूच्या दोन मीटरच्या दोन काठ्या इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधा, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीत. असं फिरवत खुंट्या ठोका. चर ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल, माती खालच्या बाजूला, त्या मातीवर वाळा. नजरेनं अंदाजे काढलेला चर एका टोकाला उतरता होतो, सगळं पाणी तिथं जमतं आणि बांध फोडून खालच्या कुळागरात येतं. चर सलग न ठेवता दर चार-पाच मीटरांवर मातीची आड ठेवा. घराच्या मागच्या चढाव्या दरडीवर चर मुळीच काढू नका.

बिया गोळा करायला झाडाखाली झाडून पाला जाळायची रीत आहे. तो पाला चरांत ओढा. पावसाळ्यात तो कुजतो आणि कलमांना खत होतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात डोंगर कसे पेटले होते ते सत्तरीत कुणाला सांगायला नको. जानेवारीतच हद्दीलगत तीन मीटरची पट्टी साफ ठेवा.

कलमं लहान असताना मधल्या जागेत काय घ्यायचं हे माकडं आणि रानडुकरं ठरवतात. अननस शास्त्रानं बसतो, पण घरापासून लांब असेल तर तुमच्या वाट्याला येत नाही. काटेकणगां (जमिनीखालचे कंद) डुक्कर उकरून काढतं. हळद आणि खाजरा सुरण यांच्या वाटेला जनावर सहसा जात नाही. दोनशे चौरस मीटर वाफ्यांना ४० ते ५० किलो बेणं हळद, आणि सुरणाचे डोळ्यासह अर्धा-अर्धा किलोचे तुकडे ९० सेंटिमीटरवर. दोन्ही पावसाच्या पाण्यावर येतात.

हे सगळं लावण्याआधी वहीत बारा महिन्यांचा तक्ता काढा आणि कुठल्या महिन्यात घरात पैसा येणार ते लिहा. मार्च ते मे काजू आणि बोंडू (काजूचं फळ), एप्रिल-मे भिरंडं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चवथीची माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची आरास), नोव्हेंबरपासून सुपारी, डिसेंबर-जानेवारीत सुरण, त्यापाठोपाठ हळद आणि मिरी, केळी वर्षभर. माटोळीकडे उत्पन्न म्हणून कुणी बघत नाही. सुपारीची कातरी (घोस), नारळ, आंबाडे, तोरिंजन (मोठं लिंबूवर्गीय फळ) यांना त्या आठवड्यात वाळपई, फोंडा, म्हापशाच्या बाजारात जो उठाव असतो तो एरवी नसतो. तक्त्यात जून-जुलै रिकामे दिसतील, तिथं केळीची लागवड वाढवून भर घाला.

आता बारा घरांतली दहा का गळाली ते. त्यात जमिनीच्या कागदांचा भाग मोठा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या नोंदीच्या कागदावर) आजोबांचं नाव, चुलत्यांची संमती नाही, कुठे मोकासो (जहागिरीची जमीन) तर कुठे आल्वारा (पोर्तुगीज सरकारनं कसायला दिलेली जमीन). योजनांना उतारा आणि कृषी कार्ड लागतं, आणि अनुदान आलं तरी खर्च आधी खिशातून. ज्यांचा कागद स्पष्ट नाही त्यांना तीस वर्षांची झाडं लावायला सांगू नका. त्यांनी केळी, हळद, सुरण आणि आहे त्याच झाडांवर मिरी घ्यावी, एकीकडे मामलेदारांकडे नाव चढवायचं काम चालू ठेवावं. दुसरा भाग हातांचा. पाणी घालणं, तण काढणं, फुटवे खुडणं हे बहुतेक घरांत बायका करतात, आणि प्रशिक्षणाला पुरुष जाऊन बसतात. फुटवा कुठला आणि कलम कुठलं हे तिला तिच्याच काजूपाशी उभं राहून दाखवा, सवडीच्या वेळी. पहिल्या वर्षी तीनच घरं घ्या, खड्डे आणि चर सावडीनं मारा. बाकीची नऊ घरं मार्चमध्ये येऊन कलमं हातानं हलवून बघतील, तेव्हाच ठरवतील.

फणस पाडू नका. मिरीसाठी फणसासारखा आधार नाही, साल खडबडीत असते, वेल घट्ट धरते. अडचण त्याच्या सावलीची आहे. मे महिन्यात खालच्या फांद्या पाच-सहा मीटरांपर्यंत बुंध्यालगत साफ कापा, कापावर बोर्डोची पेस्ट लावा आणि वरचा शेंडा थोडा मोकळा करा. जूनमध्ये उत्तरेच्या आणि पूर्वेच्या अंगाला, बुंध्यापासून फूटभर अंतरावर, मोठी मुळं टाळून चार खड्डे घ्या आणि प्रत्येकी दोन रोपं लावा. पहिला उन्हाळा त्यांना झावळ्यांची सावली आणि आठवड्यातून दोनदा पाणी लागेल. फणसाची मुळं पाणी ओढून घेतात, तेव्हा पोफळीजवळच्या वेलींपेक्षा इथं जास्तच घालावं लागतं.